मंजूर खोकला

राष्ट्रीय रेडिओवर माणसं भाषण करायला जातात, गायला जातात, गेला बाजार बातम्या वाचायला जातात. मला खोकायला बोलावलं होतं. आता मी हे हसत सांगतोय, पण त्या आठवड्यात माझ्या विजारी सैल झाल्या होत्या आणि ऑफिसातला शिपाईसुद्धा मला बाजूला घेऊन ‘घरी सगळं बरं आहे ना, साहेब?’ असं विचारत होता.

दर रविवारी सकाळी राष्ट्रीय रेडिओवर आधी कुणा विद्वानाचं भाषण असतं, मग थोडं वाद्यसंगीत आणि शेवटी उपासना. सगळं थेट, म्हणजे स्टुडिओत शिंकलं की त्याच क्षणी देशभर शिंक. उपासनेच्या वृंदात माझी बायको गाते. इतकी वर्षं ती मागच्या रांगेत उभी राहून इतरांच्या आवाजात आपला आवाज मिसळत आली होती. त्या रविवारी पहिल्यांदाच तिला एकटीला एक प्रार्थनागीत मिळालं. आणि दुसऱ्याच दिवशी, सोमवारी, दूरच्या गावी मोठ्या हॉस्पिटलात माझ्या सासूबाईंचं हृदयाचं ऑपरेशन होतं. गाणं आटोपलं की संध्याकाळच्या गाडीने बायको तिकडे निघणार होती. पण ऑपरेशनच्या आधी आईने आपलं गाणं ऐकावं, एवढंच तिच्या मनात होतं. ‘समजा...’ असं म्हणून ती थांबायची आणि भांडी जोरात घासायला लागायची.

सासूबाईंबद्दल सांगायचं तर त्या कशालाच भीत नाहीत. ऑपरेशनची तारीख कळली तेव्हा त्यांनी डॉक्टरांना ‘तुम्ही नीट जेवून या हो’ असं बजावलं होतं. उलट मी. विम्याच्या कचेरीत बसून लोकांचे अपघाताचे दावे तपासणं हे माझं काम. माणसाच्या डोक्यात कुंडी पडू शकते, आंघोळीच्या साबणावरून माणूस कायमचा जाऊ शकतो, हे सगळं मी सही-शिक्क्यानिशी वाचलेलं आहे. त्यामुळे मी जिना उतरतानाही कठडा सोडत नाही. ‘माणूस चांगला आहे गं, पण स्वतःच्या सावलीला बिचकतो,’ हे सासूबाईंचं माझ्याबद्दलचं मत लग्नाच्या आधीपासूनचं आहे आणि त्यात अद्याप बदल झालेला नाही.

बुधवारी मी बायकोबरोबर तालमीला गेलो. बरोबर म्हणजे तिची पिशवी, छत्री आणि कोमट पाण्याचा थर्मास घेऊन. स्टुडिओच्या कोपऱ्यात एका खुर्चीवर मला बसवलं. भिंतींना गाद्या, जमिनीला गालिचा, दाराला रबर. इतकी शांतता मी आयुष्यात ऐकली नव्हती. अशा ठिकाणी नेमकं जे व्हायचं तेच झालं. मला बरीच वर्षं एक कोरडा, छोटा खोकला आहे. दुखत नाही, खुपत नाही, घरातल्या जुन्या घड्याळासारखा अधूनमधून वाजतो. तो वाजला.

काचेपलीकडचे इंजिनियर ताडकन उभे राहिले. छतातल्या कर्ण्यातून आवाज आला, “कोण खोकलं?”

माझं बोट आपोआप ऑर्गनवाल्यांकडे गेलं. ऑर्गनवाले म्हणजे रोज पोहणारा, धट्टाकट्टा माणूस. त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मी बोट खाली घेतलं. बायकोने डोळे मिटले. इंजिनियर धावत आत आले. आता कॉलरला धरून बाहेर काढतात, या तयारीने मी थर्मास छातीशी धरला.

“पुन्हा खोका,” ते म्हणाले.

मी खोकलो.

“वा!” ते म्हणाले आणि त्यांच्या डोळ्यांत खरोखर पाणी आलं. “चला बाहेर.”

बाहेर पॅसेजमध्ये त्यांनी सगळं सांगितलं. उपासनेच्या मधोमध एक मिनिटाचं मौन असतं. देशभर लाखो लोक त्या वेळी डोळे मिटून बसतात. पण रेडिओच्या तळघरात एक यंत्र आहे, सगळे त्याला पहारेकरी म्हणतात. या पहारेकऱ्याला मौन कळत नाही. अर्धं मिनिट काही ऐकू आलं नाही की त्याला वाटतं, स्टेशन बंद पडलं, काहीतरी घात झाला. मग तो कुणालाही न विचारता आणीबाणीची रेकॉर्ड लावतो.

“कसली रेकॉर्ड?”

“व्हायोलिन आहे,” ते भिंतीकडे बघत म्हणाले. “फार संथ. कुणी मोठं माणूस गेलं की वाजवतात ती. आणि एकदा लागली की पूर्ण संपल्याशिवाय थांबत नाही.”

आजवर हे संकट जुन्या ऑर्गनवाल्यांच्या दम्याने टळत होतं. मौनात ते दोनदा तरी घरघरायचे आणि पहारेकरी गप्प बसायचा. ते गेल्या रविवारनंतर निवृत्त झाले. नवे आले, त्यांचा तर श्वासदेखील ऐकू येत नाही.

“मग ते यंत्र तेवढ्यापुरतं बंद करा ना,” मी म्हणालो.

“मुख्य कचेरीची परवानगी लागते. अर्ज केलाय.”

“कधी?”

“मी नोकरीला लागलो तेव्हा.”

“मग खोकल्याची रेकॉर्ड लावा.”

“रेकॉर्ड केलेलं काहीही वाजवायचं तर आधी तसं जाहीर करावं लागतं. निवेदिकेने काय सांगायचं, ‘श्रोतेहो, आता ऐका एक खोकला’?”

उपासना चालवणाऱ्या आचार्यांना यातलं काही सांगायची सोय नव्हती, कारण मौनात मुद्दाम आवाज केला जातो हे कळलं असतं तर ते त्याच पावली घरी गेले असते. म्हणजे खोकला असा हवा की यंत्राला पोहोचावा, आचार्यांना खुपू नये आणि देवालाही अडचण होऊ नये. ‘तुमचा अगदी तसा आहे,’ इंजिनियर म्हणाले. आयुष्यात माझ्या कुठल्याही गुणाचं इतकं कौतुक झालं नव्हतं आणि झालं ते या गुणाचं.

गुरुवारी मला परीक्षेला बोलावलं. हो, परीक्षा. राष्ट्रीय रेडिओवर नामंजूर आवाज जात नाहीत. तीन सदस्य टेबलापलीकडे बसले आणि मी माइकसमोर खोकलो. एका सदस्याने ‘थोडा घाईत वाटला’ असं मत दिलं. दुसऱ्या बाई म्हणाल्या की प्रामाणिक आहे, पण त्यात श्रद्धा दिसत नाही. तिसऱ्यांनी ‘हा छातीचा का घशाचा?’ असं विचारून तिथे नसलेल्या डॉक्टरचं काम केलं. शेवटी मी पास झालो आणि माझी नोंद ‘किरकोळ ध्वनी’ या विभागात झाली. त्या विभागात माझ्या आधी दाराची करकर आणि घोड्याच्या टापा होत्या. पदवीधर माणसाला हे जरा लागतं. वर रेडिओच्या बड्या साहेबांनी ताकीद दिली की पहारेकऱ्याबद्दल बाहेर अवाक्षर काढायचं नाही.

फाटकावरच्या वॉचमनला मात्र सगळं ठाऊक होतं. “जपून हां, साहेब,” तो म्हणाला. “मागे एकदा ती रेकॉर्ड लागली होती. दुकानांची शटरं धडाधड खाली आली. शाळेने झेंडा अर्ध्यावर उतरवला. एका बड्या माणसाच्या घरी फुलं घेऊन लोक गेले, तर दार उघडायला ते स्वतःच आले.”

“मग?”

“मग काय, चौकशी. तेव्हाचे इंजिनियर आता बेटावरच्या दीपगृहात असतात म्हणे.”

मला दीपगृहाची भीती वाटली नाही असं नाही. पण घरी आल्यावर बायको जे बोलली त्यापुढे दीपगृह काहीच नव्हतं. वृंदातून तिलाही सगळं कळलं होतं, ती दारातच थांबली होती. “अहो, आईच्या उशाशी रेडिओ लावून ठेवणार आहेत. माझं गाणं मौनाच्या लगेच नंतर आहे. गाण्याऐवजी तिच्या कानावर ते व्हायोलिन पडलं, आणि दुसऱ्या दिवशी तिला आत नेलं...” मी म्हणालो, “मी आहे ना.” हे वाक्य मी इतकं ठामपणे म्हणालो की मलाच दरदरून घाम फुटला.

इथपर्यंत ठीक होतं. पण आमची इमारत म्हणजे एका घरात सुई पडली तर चार घरांतून ‘सापडली का?’ असं विचारणारी. मी रविवारी रेडिओवर आहे, ही बातमी शुक्रवारी पहाटेपर्यंत गच्चीवर पोचली. काय करणार, हे मला सांगता येत नव्हतं. त्यामुळे मी भाषण करणार, हे सगळ्यांनी आपसात ठरवून टाकलं.

“या खोकल्याने भाषण करणार तुम्ही?” वरच्या मजल्यावरचे निवृत्त औषधवाले दारात उभे. “देशासमोर आपल्या इमारतीची अब्रू घालवणार?” त्यांनी कसलीशी काळी बाटली आणली आणि स्वतःच्या हाताने मला तीन चमचे पाजले. शेजारच्या मावशी ज्येष्ठमध घेऊन आल्या. मी तो चघळतोय की नाही हे बघायला त्या समोर स्टूल टाकून बसल्या. तळमजल्यावरच्या टेलरने फ्लॅनेलचा गळपट्टा शिवून आणला आणि मोजमाप नीट बसतंय का बघताना माझा गळा दोनदा आवळला. मी नको नको म्हणत होतो, पण ‘नको’ म्हणताना खोकलो की डोस वाढायचा. दुपारी ऑफिसात साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं. ‘भाषणात आपल्या अपघात विम्याचा ओझरता उल्लेख येऊ द्या,’ असं सांगून त्यांनी खिशातून मधाची बाटली काढली. साहेबांना नाही म्हणण्याची आमच्या कचेरीत पद्धत नाही.

शनिवारी सकाळी मी उठलो, दात घासले, चहा घेतला, पेपर वाचला. काहीतरी चुकल्यासारखं वाटत होतं. बायको स्वयंपाकघरातून हळूहळू बाहेर आली.

“अहो, तुम्ही अजून खोकला नाहीत.”

मी घसा ताणला, मान हलवली, छाती थोपटली. काही नाही. इतक्या वर्षांचा साथीदार न सांगता निघून गेला होता. घसा लहान मुलाच्या गालासारखा मऊ लागत होता. आयुष्यात पहिल्यांदाच मी ठणठणीत होतो, आणि त्याचंच मला भय वाटत होतं.

मग दिवसभर आम्ही तो खोकला परत आणण्याच्या मागे लागलो. बर्फाचं पाणी प्यालो. नळाखाली डोकं धरलं आणि ओल्या केसांनी पंख्याखाली बसलो. माळ्यावर चढून जुन्या गाद्या झटकल्या. त्या धुळीने बायको, मावशी आणि मावशींचं मांजर खोकलं, मी नाही. तव्यावर मिरच्या जाळल्या, तेव्हा समोरच्या इमारतीतून अग्निशामक दलाला फोन गेला. ते आले, शिडी लावली, मला खिडकीतून ‘श्वास घेता येतोय का?’ असं विचारलं. मी म्हणालो, दुर्दैवाने येतोय. औषधवाले जिन्यात उभं राहून सगळ्यांना सांगत होते, बघा, एवढ्या धुरातसुद्धा आवाज कसा स्वच्छ ठेवलाय मी यांचा.

संध्याकाळी इंजिनियरना फोन केला. ते म्हणाले, “नुसता खोटा खोका बघू.” मी फोनवर खोकलो. “हा खोकला नाही,” ते म्हणाले, “हा माणूस टॅक्सी थांबवतोय. पण आता इलाज नाही. यंत्राला चालेल. आचार्यांचं बघू.” म्हणजे कसाही का होईना, आवाज काढायचा, एवढंच माझ्याकडे उरलं होतं. ते मला जमेल अशी मी स्वतःची समजूत घातली.

रविवारी सकाळी स्टुडिओत पोचलो तेव्हा भाषण सुरू व्हायचं होतं. विषय होता निर्भयता. वक्ते मोठे नावाजलेले. प्रसारण सुरू झाल्याचा लाल दिवा लागायच्या आधी त्यांनी मला कोपऱ्यात गाठून अगदी हळू आवाजात संडास कुठे आहे ते विचारलं, आणि परत येऊन पुन्हा विचारलं. पण दिवा लागला आणि असे गरजले की मी खुर्चीत ताठ बसलो. भय हा मनाचा खेळ आहे, ते म्हणाले. मी ते मनावर घ्यायचा प्रयत्न केला. मग वाद्यसंगीत झालं. ते चांगलं असणार. मला त्यातलं एकच कळलं, की ते संपलं.

उपासना सुरू झाली. आचार्य मध्ये बसलेले, मागे वृंद, कोपऱ्यात मी, आणि माझ्या तोंडासमोर माझा स्वतःचा माइक. काचेपलीकडे इंजिनियर, त्यांच्या डोक्यावर तीन छोटे दिवे. हिरवा म्हणजे पहारेकरी शांत, पिवळा म्हणजे त्याने कान टवकारले, तांबड्यानंतर व्हायोलिन. बायको पहिल्या रांगेत उभी होती. तिने एकदा माझ्याकडे बघितलं. मग हसायचा प्रयत्न केला.

“आता आपण मौनात जाऊ,” आचार्य म्हणाले.

शांतता पडली. गाद्या, गालिचा, रबर. कुणाचा श्वास नाही. इंजिनियरनी हात वर केला, म्हणजे मी तयार राहायचं. पिवळा दिवा लागला. त्यांनी हात खाली आणला, म्हणजे आता.

मी तोंड उघडलं आणि घशातून काहीच आलं नाही. खरा नाही, खोटा नाही, टॅक्सीवाला नाही. इंजिनियरनी पुन्हा हात आणला, मग दोन्ही हात आणले, मग ते काचेमागे स्वतःच खोकायला लागले, पण काचेतून आवाज येतो थोडाच. मला हॉस्पिटलातली ती खाट दिसली, उशाशी ठेवलेला रेडिओ दिसला. पाय आपटावा, टाळी वाजवावी, एवढं साधं काही सुचलं असतं तर मी विम्याच्या कचेरीत नसतो. तांबडा दिवा उघडझाप करायला लागला, आणि माझ्या तोंडून, कुणी ढकलल्यासारखे, शब्द बाहेर पडले.

“देवा, मला फार भीती वाटतेय.”

मोठ्याने नाही. पण स्पष्ट. मंजूर माइकवर, देशभर.

तांबडा दिवा विझला. हिरवा लागला. स्टुडिओत कुणी हललं नाही. आचार्यांचे डोळे मिटलेलेच होते, फक्त भुवया एकदा वर जाऊन खाली आल्या. ऑर्गनवाल्यांनी चुकून एक सूर दाबला आणि सोडला. मग मौन संपलं आणि बायको गायला लागली. पहिली ओळ तिची कापली. दुसऱ्या ओळीपासून तिचा आवाज असा लागला की तसा मी घरी कधी ऐकला नव्हता. घरी ती माझी झोप मोडेल म्हणून हळू गाते. मी मान खाली घालून रडत होतो आणि तेसुद्धा आवाज न करता, कारण आता आवाजाची गरज नव्हती.

प्रसारणाचा लाल दिवा गेल्यावर जे व्हायचं ते झालं. रेडिओचे बडे साहेब आत आले आणि दाराच्या करकरीने आजवर कधी शब्द उच्चारलेला नाही, याची त्यांनी मला आठवण करून दिली. मी खोकल्यासाठी मंजूर होतो, वाक्यासाठी नव्हतो; त्याचा खुलासा सोमवारपर्यंत द्यायचा. आचार्य उठून माझ्याकडे आले तेव्हा मी खुर्चीच्या पाठीला चिकटलो. “एवढी वर्षं त्या मौनात मी काय करतो, ठाऊक आहे?” ते कानाशी येऊन म्हणाले. “पुढचा श्लोक आठवत असतो.” आणि माझ्या खांद्यावर थोपटून चपला शोधायला गेले.

तेवढ्यात वॉचमन धावत आला. फाटकावर हॉस्पिटलातून फोन होता. बायको पळत सुटली, मागे मी, थर्मास घेऊन. तिने फोन कानाला लावला आणि माझ्यासाठी जरा तिरका धरला. सासूबाईंचा आवाज नेहमीसारखा खणखणीत होता.

“ऐकलं गं. छान गायलीस. पहिल्या ओळीला श्वास कमी पडला.”

“हो, आई.”

“आणि तो कोण होता गं मध्ये बोलला तो? मौनात?”

बायकोने माझ्याकडे बघितलं. मी मान जोरजोरात हलवली, नको सांगूस. लग्नाच्या आधीपासूनचं त्यांचं मत असं देशभर सिद्ध झालेलं मला बघवणार नव्हतं. पण माझ्या बायकोला खोटं बोलता येत नाही.

“आई, हे होते.”

मग सासूबाई म्हणाल्या, “फोन दे त्यांना.”

मी फोन घेतला. “आई, चुकून गेलं तोंडून, मी खरं म्हणजे...”

“जावईबापू, थांबा जरा,” त्या म्हणाल्या. आवाज तोच होता, पण आता त्यातला खणखणाट गेला होता. “तुम्ही म्हणालात ना ते, तुमच्यामागून मीही म्हटलं. मोठ्याने म्हटलं. शेजारच्या खाटेवरची बाई उठून बसली.”

बायको माझा चेहरा बघून काय झालं, काय झालं असं ओठांनी विचारत होती.

“संध्याकाळच्या गाडीने तुम्हीही या,” सासूबाई म्हणाल्या. “खुलासाबिलासा काय द्यायचा तो नंतर द्या. उद्या मला आत नेईपर्यंत माझ्याजवळ तुम्ही बसा. बाकीचे सगळे मला धीर देतात हो. दमले मी.”